सातव्या नावाची हाक

यादीतलं सातवं नाव शिझुकूने पुन्हा पुन्हा वाचलं. हिराओका तोमोए. तिच्या विमाकार्डावरचं नाव, आडनावासकट.

भिंतीतल्या कपाटात तिन्ही बाजूंनी गाद्या उभ्या केल्या होत्या. स्टुडिओ म्हणायचा तो एवढाच. समोर माणसाचं रबरी डोकं, त्याच्या दोन्ही कानांत माइक. नेझू श्राव्यकथा लिहायचा, शिझुकू त्या कानांत कुजबुजायची आणि कुठेतरी एखादं एकटं माणूस हेडफोन लावून निवांत व्हायचं. श्राव्यकथा काढणारं हे मंडळ काय ते या दोघांचंच. या वेळी नेझूने नवी टूम काढली होती: नाव कळवा, शिझुकू तुम्हाला त्या नावाने हाक मारेल.

शिझुकू हे टोपणनाव. खरं नाव विचारायची या धंद्यात रीतच नाही आणि ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं. दारावर पाटी नाही, मैत्रीण नाही. दवाखान्यात पुकारलं तरी ती दुसऱ्या हाकेला उठायची, तेही आजूबाजूला बघून. ओसाकातलं कामगार वसतिगृह कुणाला न सांगता सोडलं, तेव्हापासूनची ही भीती. कुणी ओळखलं तर हे घर, हा आवाज, सगळंच संपणार होतं.

तिने नेझूला फोन लावला.

“सातवं नाव कुणी पाठवलंय?”

“का? उच्चार लिहिलाय की शेजारी.”

“बाई आहे की पुरुष?”

“शिझुकूसान, जुनं प्रकरण वगैरे आहे की काय?” तो खिदळला. “ऐकणाऱ्याची माहिती द्यायची नाही, हा नियम तुम्हीच केलात ना?”

“हे एक गाळू या ना.”

“वा! आपल्या सगळ्या कथा घेतल्यात त्यांनी. पहिल्याच वाक्याला आवाज ओळखला म्हणे.”

तिने उठून दाराची कडी लावली.

“संदेशही आहे तुमच्यासाठी,” नेझू म्हणाला. “रेकॉर्डिंग त्यांना पोचलं की तुमच्या फोनवर आपोआप उघडेल. दुपारपर्यंत पाठवा. नाहीतर तुम्ही नाव घ्यायला तयार नाही, असं कळवावं लागेल मला.”

म्हणजे नकार दिला तरी पितळ उघडं पडणारच.

ती कपाटात शिरली. चार वेळा आवाज फुटला. पाचव्यांदा कसंबसं जमलं. रेकॉर्डिंग पाठवून ती फोनकडे बघत बसली. बाहेर नुसती सायकल थांबली तरी दचकत होती.

संदेश उघडला.

“वसतिगृहात आपण एकाच खोलीत होतो. माझी कागदपत्रं आणि सहीऐवजी चालणारा माझ्या नावाचा शिक्का घेऊन तू गेलीस, त्याला अकरा वर्षं झाली. ते सगळं तुलाच राहू दे. पण मी तोमोए आहे, हे आता तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. म्हणून म्हटलं, हाक तूच मार.”