म्हैस बसली तर

म्हातारी म्हैस माळाच्या मधोमध उभी होती आणि बसायचं नाव घेत नव्हती. गवळी तिचा दोर धरून उभा होता. गोठ्यासाठी नवी जागा घ्यायची तर आधी थोरल्या म्हशीला तिथं न्यायचं. ती आपणहून बसून रवंथ करू लागली तर जागा घ्यायची, नाहीतर पुढं चालू पडायचं. ही त्याच्या बापापासूनची रीत. माणूस फसतो, म्हैस फसत नाही, असं बाप म्हणायचा.

गवळ्याच्या बायकोनं घरून निघतानाच बजावलं होतं. तीनदा गोठा मोडला, तीनदा बिऱ्हाड हलवलं, आता जिथं चूल मांडीन तिथंच डोळे मिटीन. हा माळ तिला बघताक्षणी आवडला होता. ना रस्ता, ना दिव्याचा खांब, ना चिटपाखरू. "बस गं माझे बाई," ती म्हशीला चुचकारत होती.

इतक्यात बांधावरून फटफटत एक स्कूटर आली. पुढं जमिनीचा दलाल, मागं चकचकीत बुटांतला बिल्डर. गवळ्यानं दोर आवळून धरला. त्याच्या आधीच्या गोठ्यांवर याच दोघांनी इमारती चढवल्या होत्या.

"बसली का?" दलालानं लांबूनच विचारलं. मग तो बिल्डरकडे वळला. "साहेब, ते नकाशे ठेवा बाजूला. यांची म्हैस जिथं बसते, तिथं पाच वर्षांत लिफ्ट लागते."

"इथं पाणी नाही," गवळी घाईघाईनं म्हणाला.

"मागच्या जागी तरी कुठं होतं?" दलाल म्हणाला. " अजून नाही. फ्लॅट मात्र सगळे गेले."

माळाचा मालक कालच गवळ्याला जागेचा शब्द देऊन बसला होता. इतका वेळ गवळ्याच्या बाजूला असलेला तो आता हळूहळू सरकत स्कूटरशेजारी जाऊन उभा राहिला. गवळ्याच्या बायकोनं ते पाहिलं आणि तिचा सूरच पालटला. "बसू नकोस गं, उभी राहा," ती म्हशीच्या कानाशी पुटपुटली आणि पदराआडून तिला कोपरानं ढोसू लागली. तिकडून मालक गवताची पेंढी घेऊन धावला.

"बसा ना, बसा," तो म्हणाला. जन्मात त्यानं कुठल्या जनावराला अहोजाहो केलं नव्हतं. बिल्डरनंही गॉगल काढून हातात घेतला.

म्हैस सकाळपासून चालून दमली होती. तिनं सगळ्यांकडे एकवार पाहिलं, पुढचे पाय मुडपले आणि बसकण मारली. मग डोळे अर्धवट मिटून रवंथ करू लागली.

"तुम्ही मला शब्द दिला होता," गवळी मालकाला म्हणाला.

"अहो, तुमच्या म्हशीपुढं माझ्या शब्दाची काय किंमत?" असं म्हणून मालकानं दलालाच्या हातात हात दिला. बिल्डर तोवर ढांगा टाकत माळ मोजायला लागला होता.

गवळ्याची बायको म्हशीच्या पाठीला टेकून खाली बसली. तिला रडू फुटत होतं. "हिचं काही चुकलं नाही हो," ती म्हणाली. "जागा आहेच चांगली."

गवळ्यानं दोर उगाच हाताला गुंडाळला, पुन्हा सोडला.

"उठा गं दोघी," तो म्हणाला. "शहर आलं."