तिसरी बाटली

"काकाजी, ही बाटली मी देत नाही."

केवळरामचा हात काउंटरवर तसाच राहिला. अड्याळच्या या औषधाच्या दुकानात ज्योत्सनानं छातीतल्या जळजळीवर त्याला दोन बाटल्या निमूट दिल्या होत्या. तिसरीलाच काय झालं?

"काहून वं बाई?"

"महिना होत आला. हे औषध चार-आठ दिवसांपुरतं. दोन आठवड्यांच्या वर जळजळ राहिली तर डॉक्टरले दाखवावं लागते." तिनं आवाज खाली केला. "अन् गुडघ्यासाठी गोळ्या खाता ना? रोज दोन?"

केवळराम चपापला. त्या गोळ्या तो गुपचूप पवनीहून आणायचा. घरी कळलं तर बायको, बायाबाई, आपलं जाळं घेऊन तलावात उतरणंच बंद करेल, ही त्याला धास्ती.

"संडासले काळं होते?"

त्यानं खाली बघत मान हलवली.

"मंग आजच भंडाऱ्याले जा. गोळ्या बंद. अन् एकटे जाऊ नोका."

पोटात जखम निघाली. आतून रक्त झिरपत होतं. अजून आठ दिवस नुसती जळजळ दाबत बसला असतात तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यापासून केवळरामच्या तोंडी एकच नाव. "त्या पोरीनं नुसतं तोंड पाहून ओळखलं! अन् तू? 'आणा जा अजून एक बाटली, माह्यं डोकं नोका खाऊ', म्हणून तूच धाडलं होतं मले."

"हो," बायाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात मऊ भात वाढत राहिली.

महिन्याभरानं तो पुन्हा तलावात उतरला. पहिला मोठा रोहू त्यानं विकला नाही. बायाबाईनं तो साफ करून पळसाच्या पानात बांधून दिला, आणि तो थेट दुकानात गेला.

"बाई, तुह्यामुळं जिवंत हाओ." त्याचे हात आपोआप जोडले गेले. "पण त्या गोळ्यांचं तुले समजलं कसं?"

ज्योत्सना अवघडली.

"काकी म्हणाल्या होत्या, सांगू नोका. त्या दिवशी तुमच्या आधी अर्धा तास त्या इथं येऊन रडल्या, काकाजी. म्हणे, मी सांगतलं तर ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."