शेवटच्या बाकावरचं मांजर

अठ्ठेचाळीस बाकांना रंधा मारून झाला होता. एकोणपन्नासाव्यापाशी सुतार थांबला, रंधा खाली ठेवला आणि मोठ्या बाईंना बोलवायला गेला.

सुट्टी संपायला तीन दिवस उरले होते. पोरांनी वर्षभर बाकांवर नावं, बाण आणि बदाम कोरायचे आणि सुतारानं उन्हाळ्यात ते साफ करायचे, हे ठरलेलंच. त्याची स्वतःची मुलगी याच शाळेत होती, आता आठवीत जाणार होती. काम सुरू झालं त्या दिवशी त्यानं तिला विचारलं होतं, "तुझा बाक कुठला गं?"

"खिडकीकडच्या रांगेतला तिसरा." मग तिनं विचारलं, "बाबा, सगळेच बाक रंधणार?"

"सगळेच. का?"

"सहज."

तिच्या वर्गात शिरल्यावर त्यानं खिडकीकडचा तिसरा बाक आधी पाहिला. एक ओरखडा नव्हता. त्याला राहवेना. त्यानं शिपायाला हाक मारून तो बाक दाखवला, मग मुलीचा नंबर सांगितला, अक्षराचं कौतुक केलं, आणि ती ब्लेडनं पेन्सिलीला असं टोक काढते की शार्पनरनं तोंड लपवावं, हेही सांगितलं. शिपायाला अजून चार वर्ग झाडायचे होते, पण सुटका नव्हती.

घराण्यात पुस्तकाशी जमलेलं हे पहिलंच माणूस. लहानपणी ती त्याच्या कारखान्यात भुशात खेळत बसायची. एकदा तिच्या हातात लाकूड कोरायची पटाशी दिसली, तेव्हा त्यानं ती काढून घेतली आणि हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलं. मुलीनं खुर्चीवर बसावं, खुर्ची बनवू नये, एवढीच त्याची इच्छा होती. आणि आजवर तसंच चाललं होतं.

मोठ्या बाई आल्या. एकोणपन्नासावा बाक दाराकडच्या रांगेत, शेवटचा. त्याच्या फळीवर एक मांजर झोपलं होतं. तळहाताएवढं, अंगाचं वेटोळं करून, एक डोळा उघडा ठेवून.

"कोरलंय की!" बाई चष्मा सावरत म्हणाल्या. "मिस्त्री, पुसून टाका."

"बाई, हा डोळा बघा. ही लाकडातली गाठ आहे. गाठ आली की आम्ही शिव्या देतो. ह्या पोरानं तिचा डोळा केला. आणि मिशा बघा, लाकडाच्या रेषेतूनच काढल्यात. शिकवून येत नाही हे. मला ह्या वयातही जमायचं नाही."

"म्हणजे शिक्षा करू नको म्हणता?"

"बाक खराब केला, त्याची काय ती करा. पण आधी बापाला बोलवा. घरी काही करू देत नसेल, म्हणून पोरानं इथे हात चालवला. असल्या हाताला नुसतं पुस्तकाला जुंपायचं म्हणजे पाप आहे. मी बोलतो त्याच्याशी."

बाईंनी टेबलाच्या खणातून वर्गाचा तक्ता काढला. कोण कुठे बसतं ते त्यात लिहिलेलं होतं. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, मग सुताराकडे पाहिलं आणि तक्ता मिटला.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

"शाळा सुरू होईल त्या दिवशी येतील वडील. तुम्हीही या दहा वाजता. अगदी हेच सांगा त्यांना."

तो बाक त्यानं रंधला नाही. नुसतं पॉलिश दिलं, तेही हलक्या हातानं.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. इस्त्रीचा गणवेश, घट्ट वेण्या, दप्तरात टोक काढलेल्या सहा पेन्सिली. मुलगी पुढे चालत होती आणि तो मुद्दाम दोन पावलं मागे राहून तिला डोळे भरून बघत होता. रस्त्यातल्या प्रत्येकानं ही कुणाची पोर असं विचारावं आणि आपण सांगावं, असं त्याला फार वाटत होतं. कुणी विचारलं नाही.

"बाबा, तुम्ही कशाला येताय?"

"एकाला भेटायचंय."

"कुणाला?"

"आहे एक गाढव. पोटी हिरा आलाय आणि त्याला पत्ता नाही."

मुलीनं वळून त्याच्याकडे पाहिलं आणि पावलं आणखी भरभर टाकली.

बरोबर दहाला तो ऑफिसच्या दारात उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं मनात चार वेळा घोळवलं होतं. आत मोठ्या बाई बसल्या होत्या आणि टेबलाशी त्याची मुलगी उभी होती. पहिल्याच दिवशी बाईंना कामाला हीच सापडली, या विचारानं त्याची छाती फुगली.

"आले नाहीत अजून ते?" त्यानं इकडेतिकडे पाहत विचारलं.

मुलगी खाली मान घालून अंगठ्यानं नख खरवडत होती. बाईंनी समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"आलेत की. बसा मिस्त्री, आणि हिच्या वडिलांना काय सांगायचं होतं ते सांगा आता."