औषधाचं टोपलं

लकव्याने पार्बताबाईचा उजवा हात मेल्यागत मांडीवर पडून होता. सून वच्छला रोज तिच्या तळव्यावर चिमूटभर कापूस ठेवी. "आत्याबाई, डोये मिटा. सावकाश श्वास घ्या. आता बोटांनंच सरकी शोधा."

सहा महिन्यांनी सरकी सुटू लागली. मुलाने, खुशालरावाने, ते पाहिले आणि कापसाचे भरलेले टोपलेच आणून आदळले.

"माय, रोज येवढ्याची सरकी काढ. अमेरिकेत लढाई हाय, तिकडचा कापूस बंद हाय, तवरच आपल्या कापसाले भाव हाय."

वच्छला कडाडली, "अवो, ते औषध हाय, मजुरी नाई!"

"औषधानं कमाई झाली तं तुयं काय बिघडते?"

चार दिवसांत पार्बताबाईची बोटे सुजली. पाचव्या दिवशी टोपले जसेच्या तसे होते. खुशालरावाने तिच्या तळव्यावर कापूस ठेवला. तो घरंगळून खाली पडला.

"गेला हात! हेच काय तुयं औषध?" तो वच्छलेवर खेकसला आणि टोपले उचलून निघाला.

वच्छलेला रडूच फुटले.

त्याची पाठ वळताच पार्बताबाईने उजव्या हाताने तो कापूस उचलला. डोळे मिटले, श्वास घेतला, सरकी शोधून काढली आणि दाराकडे भिरकावली.