गणपतचं आडनाव

"आडनाव तेवढं राहिलंय," शशिकांत मोहिते खुर्चीत पुढे सरकून म्हणाले. "गावच्या हुतात्मा स्मारकावर पाच नावं. चौघांना आडनावं आहेत, पाचवा नुसता गणपत. तो आमचा गणपतकाका. मी लहान असतानाच घर सोडून गेला. आजी शेवटपर्यंत त्या नावाला हार घालायची."

समोर चंद्रकांत बसले होते. गावातून एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्यांपैकी ते एकटेच हयात. सैन्यातून सुटल्यावर गार्डन रीचच्या जहाज कारखान्यात नोकरी लागली आणि ते कलकत्त्याचेच झाले. शशिकांतांची बँकेने इथे बदली केली, म्हणून डमडम विमानतळाजवळच्या त्यांच्या या फ्लॅटमध्ये आज भेट होत होती.

"आता नवा दगड बसतोय. पंचायत म्हणते, कुणी साक्षीदार असेल तरच आडनाव घालू. तुम्ही गणपतला ओळखत होता ना?"

"गणपतला?" चंद्रकांतांचा चेहरा खुलला. "वर्षभर एकत्र होतो. गावच्या दगडावर त्याचं नाव मीच कोरायला लावलं. पण मोहिते, तुमचे काका..."

छपरावरून विमान गेलं. बोलणं थांबलं. विमान लांब जाईपर्यंत शशिकांतांचे डोळे भरून आले होते. चंद्रकांतांनी पुढचं वाक्य गिळलं.

"कसे होते ते?" शशिकांतांच्या मुलीने, शर्वरीने विचारलं.

"हट्टी! मनात नसेल तर जागचा हलायचा नाही. एकदा हवालदाराने आवाज चढवला, तर त्याला लाथ घातली."

"अन्याय सहन होत नाही आमच्या घरात," शशिकांत म्हणाले.

"खाण्याचा शौकीन. भिजवलेले हरभरे आणि गूळ दिसला की खूश."

"गूळ! माझे वडीलही जेवणानंतर खडा घेतल्याशिवाय उठत नसत."

चहा घेऊन आलेल्या चंद्रकांतांच्या पत्नी सरलाकाकूंनी तोंडाला पदर लावला आणि संदेश मिठाईची बशी ठेवून त्या घाईने आत गेल्या.

"लग्न ठरलं होतं का कुठे?"

"छे. त्या भानगडीत तो पडला नाही."

शर्वरी हसली. मग हळूच म्हणाली, "आणि शेवटी?"

चंद्रकांतांनी कप खाली ठेवला. "डोंगरावरच्या चौकीत अडकलो होतो. माझ्या मांडीत गोळी. गणपतने मला पाठीवर घेऊन अंधारात खाली आणलं. वाट त्यालाच ठाऊक. मला उतरवलं आणि पाणी घेऊन तो परत वर गेला. सोबत कुणी नाही, वरून तोफा चालू. पाणी पोचलं. वरची सगळी पोरं जगली. उतरताना मात्र तोफगोळा जवळ पडला." त्यांनी डोळे पुसले. "माणसं पुष्कळ पाहिली हो. त्याच्यासारखा कुणी भेटला नाही."

शशिकांत उठले आणि चंद्रकांतांच्या पाया पडले.

"काका, सांगा. लावू ना मोहिते?"

चंद्रकांतांनी आतल्या दाराकडे पाहिलं. दारात सरलाकाकू उभ्या होत्या. त्यांनी हसून मान हलवली.

"लावा," चंद्रकांत म्हणाले. "त्याच्यामागे रडणारं घर मिळतंय, तर मी कोण आडवा येणार? तुमच्या आजीने एवढे हार घातले, ते त्यालाच पोचले."

"दगडावर चेहराही कोरणार आहेत," शर्वरी उत्साहाने म्हणाली. "त्यांची फोटो आहे तुमच्याकडे?"

"त्यांचा फोटो," शशिकांतांनी तिला सुधारलं.

"फोटो नाही गं. पण कारागिराला सांग, डोळे मोठे आणि शांत." चंद्रकांतांनी घसा साफ केला. "आणि कान चांगले लांब काढ म्हणावं. आमच्या पलटणीतलं सगळ्यात देखणं खेचर होतं ते."