उंबरठ्यावर आडवी

माझ्या मुलाने, कुबातने, सकाळी चार मित्रांना घेऊन बुरुल नावाच्या पोरीला भर रस्त्यातून गाडीत कोंबलं आणि नवरी म्हणून घरी आणलं. मी तिच्या डोक्याला लग्नाचा पांढरा रुमाल बांधायचा आणि तिने तो भिरकावून द्यायचा, असं तीनदा झालं.

तेवढ्यात माझी सासू काठी टेकत आली. "सरका सगळे! मी पडते उंबरठ्यावर आडवी. म्हातारीला ओलांडून गेलीस तर जन्मभराचा शाप लागेल, कळलं का गं पोरी?"

पुरुष निर्धास्त झाले आणि मेंढा कापायला परसात गेले. मला मात्र संशय आला. गुडघ्यांपायी जमिनीवर न बसणारी ही बाई आपणहून आडवी पडते? आणि दिवसा कधी डोळा लागत नाही म्हणणारी पाच मिनिटांत घोरायला लागते?

लग्नासाठी बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळता तळता मी स्वयंपाकघरातून डोकावले. सासूने घोरत घोरतच पाय हळूच पोटाशी ओढून घेतले. दारात एक पाऊल मावेल एवढी जागा झाली. बुरुलने बूट हातात घेतले आणि त्या जागेतून सटकली. मी पुरुषांना हाक मारली नाही. कढईतले बोरसोक करपले तरी बघत राहिले.



तीस वर्षांपूर्वी मला पळवून आणलं, तेव्हाही याच उंबरठ्यावर हीच आडवी पडली होती. तेव्हा मात्र तिचे पाय पार चौकटीपर्यंत ताणलेले होते.