शिवेचं खोबरं

बसा जरा, सोनिवलीच्या नाथाचं काय झालं ते सांगतो. यंदा गावाच्या शिवेवर नारळ फोडायची पाळी त्याची. त्या नारळाचं खोबरं गावाबाहेरच्या माणसाला द्यायचं नाही, ही जुनी रीत. पण शिवेचा दगडच नव्या बिल्डिंगीखाली गेलेला. मग त्याची बायको बनूबाई त्याच बिल्डिंगीच्या गच्चीवर चढली, जुन्या दगडापाशी दिसायचे तसे देवळाचा कळस अन् चंदेरी डोंगराचा सुळका एका रेघेत दिसेस्तोवर सरकली आणि फोनवर ओरडली, "अवो, जुळलं! बरोबर माझ्या खाली उभं ऱ्हावा!"

"तुझ्या खाली कुणाचा तरी फ्लॅट हाय!"

"मग बेल वाजवा की!"

दार नव्यानं राहायला आलेल्या श्रद्धानं उघडलं. नाथा थेट तिच्या स्वयंपाकघरात जाऊन थांबला. "ताई, आमचं गाव इथं संपतं."

श्रद्धानं गॅस बंद केला. "म्हणजे काका, ओटा गावात आणि सिंक गावाबाहेर?"

"तसंच म्हणायचं."

"फोडा मग. फरशी तेवढी सांभाळा."

नारळ फुटला. ओटा अन् सिंकच्या मधोमध उभं राहून श्रद्धानं हात पुढं केला. नाथा खोबरं धरून अजून तसाच उभा आहे. द्यायचं का नाही, तुम्हीच सांगा बाबा त्याला.